टेकडीवरच्या पायवाटेवर गट्टू: सही करू की नको?

मोहफूल

आमच्या लेआउटला लागून एक टेकडी आहे, नागपूरच्या पश्चिमेला. नाव लिहीत नाही, कारण हा वाद आधीच घराघरांत शिरलाय. तिथं बाग नाही, रान आहे. पळस, हिवर, सालई, तेंदू, सीताफळाची झुडपं आणि नाल्याच्या अंगाला मोहाची जुनी झाडं. मधून मुरमाची पायवाट जाते. ती कोणी बांधलेली नाही, गुराख्यांनी आणि फिरायला जाणाऱ्यांनी चालून चालून पाडलेली आहे.

आता तिथं ‘सौंदर्यीकरण’ करा म्हणून सह्या गोळा होऊन राहिल्या आहेत. अर्जात मागितलंय ते असं: अख्ख्या पायवाटेवर तीन मीटर रुंद गट्टू (म्हणजे सिमेंटचे पेव्हिंग ब्लॉक), दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी, रांगेनं दिवे, वरच्या सपाटीवर लॉन आणि ओपन जिम, गेटजवळ पार्किंग, टोकावर सेल्फी पॉइंट. सह्या घेणारे सगळे सकाळी भेटणारे लोक आहेत. त्यांच्या मनात काही वाईट नाही, त्यांना खरोखर वाटतं की यानं टेकडीचं भलं होईल.

मला नाही वाटत. मे महिन्यात, नवतपा म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू असताना, संध्याकाळी सात वाजताही आमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडवर उभं राहवत नाही. टेकडीच्या वाटेला लागलं की पाचव्या मिनिटाला अंगावरचा जाळ कमी होतो. हा फरक लेआउटमधलं लहान पोरही सांगेल. आणि पाणी! आमच्याच गल्लीत रस्त्यावर रस्ता चढवून तो घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाला, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसात पाणी फाटकातून आत येतं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोण विसरेल? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घरांत पाणी घुसलं, माणसं गेली. त्यानंतरही आपण पाणी मुरायची उरलेली जागा झाकायला निघालोय, याचं मला फार वाईट वाटतं.

पण माझ्याच घरात एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. रस्त्यावर गाड्या आणि कुत्री, टेकडीवर सुटा मुरूम, पाय घसरतो. त्या मूळच्या काटोलकडच्या. पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी कुठं निघते, येरोन्या कोणत्या झुडपाला लागतात, हे टेकडीवर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. सहीचा कागद घरी आला तेव्हा मी नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “पाखरायसाठी मी घरातच बसू का बाई?”

मला त्यांना खोटी समजूत घालायची नाही. म्हणून जाणकारांना विचारते. गट्टूंखाली झाडांचं नेमकं काय होतं? म्हाताऱ्या माणसाला न घाबरता चालता येईल अशी वाट काँक्रीटशिवाय बनते का? आणि असं काम करायला कोणाची परवानगी लागते?

गिट्टी_मुरूम

ताई, मी गट्टू बसवायचीच कामं बघतो, बरीच वर्षं झाली. सायटीवर जे होतं ते सांगतो.

लोकांना वाटतं गट्टू म्हणजे वरून मांडून दिले की झालं. तसं नसतं. ब्लॉक साठ मिलिमीटरचा. त्याखाली इंच-दीड इंच रेती नाहीतर चुरी. त्याखाली गिट्टी-मुरमाचा दाबलेला थर, तो निदान सहा इंच, काम चोख असेल तर आठ. म्हणजे जवळजवळ फूटभर उकरावं लागतं. तीन मीटर रुंदीचं उकरायला माणसं कोणी लावत नाही, जेसीबी येतो, आणि त्याला वळायला, माती टाकायला वाटेच्या दोन्ही बाजूंनी आणखी जागा लागते. तुमच्या कागदावर तीन मीटर लिहिलंय, रान मोकळं होणार पाच मीटरचं.

आता झाडाचं. झाडाची पाणी-खाद्य ओढणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात, आणि आपल्याकडच्या टेकड्यांवर तर खाली काळा दगड लवकर लागतो, त्यामुळं मुळं खोल न जाता आडवीच धावतात. आम्ही उकरतो तो थर नेमका त्यांचाच. मग वरून रोलर फिरतो. मातीतली हवा जाते. झाड त्याच वर्षी वाळत नाही, म्हणून कोणी कामाला बोल लावत नाही. दोन-चार उन्हाळे काढतं, शेंडा वाळतो, मग एका वादळात आडवं होतं. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतायचे, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये बुंध्यापासून एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. मला विचाराल तर मोठ्या मोहाला एक मीटर काहीच नाही.

पाण्याचा हिशेब तुम्हीच करा. एक किलोमीटर वाट, तीन मीटर रुंद, म्हणजे तीन हजार चौरस मीटर. पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर दीड लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. गट्टूंच्या फटीतून मुरतं म्हणतात, पण फटी वर्षभरात गाळानं बुजतात. आणि दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी असली की पाणी बाजूच्या गवतात उतरतच नाही, वाटेनंच धावत खाली येतं. खाली तुमचं लेआउट आहे.

चालण्याजोग्या वाटेचं मात्र होतं, शंभर टक्के होतं. चाळलेला मुरूम आणि चुरी, पाणी मारून दाबायची. रुंदी चार-पाच फूट पुरे, व्हीलचेअरलाही चार फूट लागतात. उतार वीसला एक ठेवायचा, म्हणजे वीस फुटांत एक फूट चढ. नाइलाज असेल तिथं बाराला एक, त्याहून तीव्र नाही, आणि तिथं लोखंडी कठडा. वाटेला बाजूकडं हलका ढाळ, कडेला पट्टी नको. जिथून पाणी आडवं येतं तिथं दगडाची बसकी मोरी. सुटा मुरूम घसरतो, दाबलेला घसरत नाही. आईंचा पाय घसरतो तो सुट्यावर.

एक अडचण सांगून ठेवतो. अशी वाट दर पावसाळ्यानंतर थोडी दुरुस्त करावी लागते. गट्टूंचं एकदाच मोठं बिल निघतं, मुरमाचं दरवर्षी लहान. मोठ्या बिलाला मंजुरी मिळते, लहानाच्या मागं फिरायला कोणी तयार नसतं. तुमच्या मंडळानं तेवढं अंगावर घेतलं तर बाकी काही कठीण नाही.

सकाळी_साडेपाच

मी सही करणाऱ्यांतला आहे. तुमच्या टेकडीवर नाही, आमच्या भागातल्या दुसऱ्या मोकळ्या जागेसाठी केली होती. माझी बाजूही ऐका.

जिथं माणसं जात नाहीत ती जागा या शहरात रान म्हणून राहत नाही हो. आधी एक ट्रॉली मलबा पडतो. मग दुसरी. मग दारूच्या बाटल्या, मग टिनाचं शेड, मग शेडला वीज. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत झालं. तक्रारी केल्या, कागद फिरत राहिले. शेवटी वाट बांधली, दिवे लागले, बायाबापड्या फिरू लागल्या, तेव्हा मलब्याच्या गाड्या थांबल्या. माझी मुलगी संध्याकाळी सहानंतर तिथं जाऊ शकते, आधी जात नव्हती. तुम्ही ज्याला सौंदर्यीकरण म्हणून नाक मुरडता, त्यानं आमची जागा वाचली.

झाडं मलाही हवी आहेत. पण नुसतं ‘जसं आहे तसं राहू द्या’ म्हणून काही राहत नाही.

मोहफूल

काका, मलब्याचं तुमचं म्हणणं मला पटतं. आमच्याकडेही नाल्याच्या बाजूनं मलबा पडायला लागला आहे. पण तुमच्याकडे गाड्या कशानं थांबल्या, गट्टूंनी की माणसांच्या जाण्या-येण्यानं? गेटवर आडवा खांब लावून वाहन आत जाणंच बंद केलं, एक चौकीदार ठेवला आणि मुरमाची वाट नीट केली, तरी माणसं येतीलच ना? उलट तीन मीटरची पक्की वाट झाली की तिच्यावरून ट्रॉलीसुद्धा आरामात जाईल. मुलीच्या सुरक्षिततेचं मात्र मी हलक्यात घेत नाही. गेटपासून पहिल्या सपाटीपर्यंत दिवे असावेत, हे मलाही वाटतं.

सकाळी_साडेपाच

आडवा खांब आमच्याकडेही लावला होता, खरं आहे. चौकीदारही होता. तो पहिल्या सपाटीचा विचार बरा आहे. पण चौकीदाराचा पगार कोण देणार, हे आधी ठरवा.

नवरंग_पाहिला

दिव्यांबद्दल मला बोलायचंय, कारण दिव्यांचा विचार कोणी करत नाही.

जून लागला, पहिला दणका पाऊस झाला की अशा टेकड्यांवर नवरंग येतो. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून तो पक्षी विणीसाठी मध्य भारतात येतो, आणि आपलं नागपूर त्याच्या घरच्या मुलखात आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐका, एकदा ओळखली की विसरत नाही. तो खातो काय? पडलेल्या पानांच्या थरातले किडे, गांडुळं. घरटं करतो जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर. लॉन करायला तुम्ही तोच पाला ‘कचरा’ म्हणून झाडून काढणार. रातवा तर घरटं करतच नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि रात्री पायवाटेवर बसून उडते किडे टिपतो. टिटवीची अंडी मुरमावरच असतात, खड्यांत खडा दिसतात. या तिघांनाही ‘मोकळी पडलेली जागा’ हीच वापरातली जागा आहे.

रांगेनं दिवे लागले की रात्रीचे किडे दिव्याखाली गोळा होऊन मरतात आणि अंधारात राहणारे प्राणी-पक्षी तो पट्टा सोडतात. दिवे लावायचेच तर गेटच्या भागात, कमी उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले, आणि फिरणाऱ्यांची वेळ संपली की बंद होणारे. वर टोकापर्यंत नको. वर रात्री कोणी जाऊही नये.

आणि लॉन? नागपूरच्या उन्हाळ्यात? पेंच धरणाचं पाणी आटलं म्हणून २०१९ च्या जुलैत याच शहराला एक दिवसाआड नळ आले होते. जे गवत तिथं आपोआप उगवतं, पोळ्यापर्यंत कमरेला लागतं आणि दिवाळीनंतर पिवळं होतं, ते काढून रोज पाणी मागणारं गवत लावायचं हे मला कळत नाही. वाळलेल्या गवताला आग लागते, ही भीती खरी आहे. त्यावर वनखात्याचा जुना उपाय आहे, जाळरेषा. उन्हाळ्याआधी वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा. तुमची मुरमाची वाट हीच जाळरेषा होऊ शकते, फक्त दरवर्षी फेब्रुवारीत कोणीतरी विळा हातात घ्यायला हवा.

शहरात फरसबंद बागा आहेत की. महाराजबाग आहे, तेलंगखेडीची बाग आहे, सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डन आहे. मुलांना झोके हवेत, बसायला हिरवळ हवी, तर तिथं जावं, त्या बागा आणखी चांगल्या कराव्या. रान मात्र नव्यानं बांधता येत नाही.

धरमपेठ_ते_फ्रेस्नो

मी धरमपेठची, आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहते. आजींच्या प्रश्नावरून इथलं एक उदाहरण सांगावंसं वाटलं.

इथून दोन तासांच्या आत योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात मारिपोसा ग्रोव्ह म्हणून प्रचंड सिक्वोया झाडांचं बन. पाचशेच्या आसपास मोठी झाडं, त्यांतलं ‘ग्रिझली जायंट’ सुमारे तीन हजार वर्षांचं मानतात. या बनात पर्यटकांसाठी काय काय केलं गेलं ते वाचून अंगावर काटा येतो. १८८१ मध्ये एका जिवंत झाडाच्या बुंध्यातून बोगदा कोरला, घोडागाडी आरपार जावी म्हणून. नंतर मोटारी जायच्या, लोक फोटो काढायचे. १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं ते झाड कोसळलं. पुढं अगदी झाडांच्या मुळांवर डांबरी पार्किंग होतं, दुकान होतं, ट्राम फिरायची.

मग २०१५ मध्ये बन बंद केलं आणि डांबर उखडून काढलं. पार्किंग आणि दुकान बाहेर नेलं, ट्राम बंद केली, रस्त्यानं अडवलेले पाण्याचे प्रवाह मोकळे केले. २०१८ च्या जूनमध्ये बन पुन्हा उघडलं. आता गाडी लांब लावायची आणि शटल बसनं यायचं. पण आजींसाठी सांगते, त्याच वेळी त्यांनी व्हीलचेअर जाईल अशी वाटही केली. ओलसर जागी आणि मुळांवरून लाकडी फळ्यांचा उचललेला मार्ग आहे, खाली पाणी वाहतं, मूळ श्वास घेतं. माझे बाबा आले होते, त्यांना चालायला काठी लागते, ते त्या वाटेनं ग्रिझली जायंटपर्यंत स्वतःच्या पायानं गेले आणि झाडाखाली कितीतरी वेळ मान वर करून उभे राहिले.

डांबर घालून मग उखडायला या लोकांकडे पैसा होता. आपण आधीच घातलं नाही तर तो खर्चच नाही. मोहाच्या झाडांजवळ वाट न्यायचीच असेल तर तेवढ्या तुकड्यापुरता असा उचललेला मार्ग करता येईल का, हे गिट्टी_मुरूम यांनी सांगावं.

सातबारा_आधी_बघा

परवानगीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी वकील नाही, पण जमिनीच्या कागदांत आयुष्य गेलं.

पहिलं काम, टेकडीचा सातबारा काढा. विदर्भात अशा पुष्कळ जमिनींवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असते. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात सांगितलं की विदर्भातलं झुडपी जंगल वनच धरायचं. सुमारे ८६ हजार हेक्टरचा प्रश्न होता. त्याआधीही, याच न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून, सरकारी नोंदीत वन असेल तर मालकी कोणाचीही असो, १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतोच. अशा जमिनीवर पार्किंग, जिम, लॉन करायचं म्हणजे वनेतर वापर. त्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते, ती नगरसेवकाच्या पत्रानं मिळत नाही.

२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि काही कामांना सवलत मिळाली: सरकारी प्राणिसंग्रहालय, सफारी, आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेत (वर्किंग प्लॅनमध्ये) धरलेल्या इकोटुरिझमच्या सोयी. त्यामुळं ‘हे इकोटुरिझम आहे’ असं उत्तर तुम्हाला मिळू शकतं. मिळालं तर कार्य आयोजनेतलं ते पान मागा, माहितीच्या अधिकारात.

नोंद झुडपी जंगलाची नसेल, जमीन मनपाची किंवा नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) असेल, तरी झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नाही, झाडाला इजा करणंही त्यात येतं. मुळं कापणाऱ्या जेसीबीबद्दल अर्ज करताना ही ओळ कामाला येईल.

आणि हे सगळं सहीच्या आधी करा. मंजुरी निघाली, टेंडर झालं, की मग फक्त भांडण उरतं.

गिट्टी_मुरूम

फ्रेस्नोच्या ताईंनी विचारलं त्याबद्दल. उचललेला मार्ग होतो. आपल्याकडे लाकडाला वाळवी लागते, म्हणून लोखंडी सांगाडा आणि त्यावर जाळीच्या फळ्या. पायाला लहान लहान खड्डे लागतात, मुळं टाळून घेता येतात, सलग उकरावं लागत नाही. महाग पडतं, त्यामुळं फक्त मोहाजवळच्या तुकड्यापुरतं ठीक आहे. जाळी बारीक हवी, नाहीतर काठीचं टोक अडकतं.

मोहफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सही करणार नाही आहे. पण नुसता विरोध घेऊन सभेत जायचं नाही, हे आता ठरलं.

रविवारच्या सभेत दुसरा कागद मांडते. गेटपासून पहिल्या सपाटीपर्यंत पाच फुटांची दाबलेल्या मुरमाची वाट, वीसला एक उतार, मध्ये मध्ये बाकं, चढावर कठडा, खाली तोंडाचे दिवे आणि वाहन अडवणारा खांब. मोहाजवळ जाळीचा मार्ग, पैसे जमले तर. त्यावर वर टोकापर्यंत जी वाट आहे ती तशीच, दिवा नाही, लॉन नाही, सेल्फी पॉइंट नाही. पार्किंगही नाही, आम्ही सगळे चालत येणारेच आहोत. फेब्रुवारीत गवत कापायला आणि दिवाळीनंतर मुरूम भरायला लेआउटमधल्या प्रत्येक घरानं वर्गणी द्यायची. चौकीदाराच्या पगाराचं काकांनी बरोबर धरलं, त्याची तरतूद कागदात आधी लिहिते. सातबारा काढायला उद्या तलाठ्याकडे जाते.

सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. जिमचं नाव निघताच त्यांनी हात झटकला, त्यात त्यांना कधी रस नव्हताच. सपाटीपर्यंत जाता आलं तर पुरे म्हणाल्या, तरोटा तिथवरच असतो. दोन अटी घातल्या: बाकाला पाठ पाहिजे, आणि कठडा एका नाही, दोन्ही बाजूंनी पाहिजे, कारण उतरताना त्यांचा डावा गुडघा धरतो. दोन्ही अटी कागदात घातल्या आहेत.

गिट्टी_मुरूम भाऊ, शनिवारी सकाळी उतार मोजायला येता का? चढाच्या वळणावर बाराला एक तरी बसतो की नाही, याची मला शंका आहे.

गिट्टी_मुरूम

येतो. लेव्हल ट्यूब आणि टेप घेऊन येतो, सोबत एक माणूस टेपचं दुसरं टोक धरायला द्या. नाही बसला तर वळण थोडं लांबवू, पण त्यासाठी झुडूप तोडावं लागणार नाही अशी जागा आईंनाच दाखवायला सांगा, त्यांना ती टेकडी आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.